सॅम्पल संसार

आप्पा कणसेंनी पलंगावर अंग टाकलं आणि त्यांचे पाय घोट्यापासून पुढे पलंगाबाहेर आले.

"आगं, ह्यो पलंग हाय का पाळणा?" ते छताकडे बघत म्हणाले.

माई कणसे, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, दारात उभ्या होत्या. दारात म्हणजे जिथे दार असायला हवं होतं तिथे. सॅम्पल फ्लॅटला आतली दारं लावत नाहीत. दार नसलं की खोली मोठी दिसते. पलंगही त्याच कारणाने सुताराकडून आखूड करून घेतला होता. सोफा असा अरुंद, की बसणाऱ्याने कुठली मांडी टेकवायची ते आधी ठरवावं. लोक येत, पलंगाकडे लांबून बघत आणि 'वा, ऐसपैस आहे' म्हणून पुढे सरकत. त्यावर प्रत्यक्ष आडवे होणारे आप्पा पहिलेच.

"आप्पा, हा डिझायनर बेड आहे," मी म्हणालो. "हल्ली लोक पाय जवळ घेऊन झोपतात. मणक्याला चांगलं असतं."

"मंदी हाय म्हणून व्हय?" आप्पांनी विचारलं.

स्वयंपाकघरातून शलाका खोकली. ते खोकणं नव्हतं, हसू गिळणं होतं. मी तिच्याकडे डोळे वटारले आणि नवऱ्याच्या आवाजात म्हणालो, "अगं, चहा टाकतेस ना?"

मी तिचा नवरा नव्हतो. ती माझी बायको नव्हती. आम्ही दोघं तुकाशेठ वाळुंजकरांच्या 'माहेर स्मार्ट होम्स'चे पगारी नोकर होतो, आणि शनिवार-रविवारी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत सुखी संसार करत होतो.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. पुण्याच्या पश्चिमेला, जिथे तेव्हा निम्मा ऊस होता आणि निम्मी होर्डिंगं, तिथे शेठनी आपली वडिलोपार्जित जमीन काढून 'व्हेनेशिया' नावाची इमारत उभी करायला घेतली होती. खाली रोमन खांब, मध्ये पोहण्याचा तलाव, वर तीन-तीन बेडरूमचे फ्लॅट आणि प्रत्येकात जकुझी, म्हणजे बुडबुड्यांच्या पाण्याचा टब. इमारत सातव्या मजल्यावर पोचली आणि तिकडे अमेरिकेत बँका बसल्या. महिनाभरात इकडचे आयटीवाले बुकिंग रद्द करायला रांगेत उभे. शेठच्या गळ्यातल्या सोन्याच्या साखळ्या एकेक करून कमी होत गेल्या. शेवटी एकच उरली, ती शर्टाच्या आत राहू लागली.

मग मुंबईहून एक सल्लागार आला. त्याने सांगितलं, "मंदीनंतर गिऱ्हाईक बदललंय. आता लोकांना दिखावा नको. साधेपणा हवा, आपुलकी हवी, कुटुंब हवं." शेठनी लगेच साधेपणा सुरू केला. 'व्हेनेशिया'चं 'माहेर' झालं. प्रत्येक फ्लॅटच्या मध्ये भिंत घालून एकाचे दोन झाले, आणि त्या दोनांना 'स्मार्ट' म्हणायचं ठरलं. तलावाच्या खड्ड्यात माती टाकून तिथे सेंद्रिय भाजीबाग केली. वांगी बरी आली. खांब मात्र पाडणं परवडेना, म्हणून ते राहिले. आणि आमच्या सॅम्पल फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या फरशीवर, निळे डॉल्फिन उड्या मारत होते, कारण मूळ नकाशात तिथे जकुझी होती.

आपुलकीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. सल्लागार म्हणाला, रिकामं घर विकलं जात नाही, नांदतं घर विकलं जातं. तेव्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये एक जोडपं ठेवा. शेठनी ऑफिसातून नजर फिरवली. त्यात लग्नाच्या वयाची आणि आपसात न भांडणारी दोनच माणसं सापडली.

एक मी, विश्राम काशीद, मूळचा बार्शीचा. एका मॉलमध्ये परदेशी सोफे विकायचो. आधी सोफे विकायचे थांबले, मग मॉलच बंद पडला. दुसरी शलाका मिराशी, सावंतवाडीची. ती विमान कंपनीच्या काउंटरवर होती. कंपनी एका सकाळी बुडाली, पण प्रवाशांना ते सांगायचं धाडस साहेबांना होईना, म्हणून शलाकाला संध्याकाळपर्यंत 'थोडासा विलंब आहे' एवढंच म्हणत उभं केलं. एक आजोबा नातवाच्या बारशाला निघाले होते. दर अर्ध्या तासाने ते टोपी सावरत यायचे, आणि दर वेळी ही हसून सांगायची, थोडासा विलंब आहे. हे तिने मला एकदाच सांगितलं, वांगी तोडताना. तेव्हा तिचा चेहरा पाहून मी थट्टा करायची ती केली नाही.

तर आमचा संसार असा. गिऱ्हाईक गेटातून आत शिरलं की वॉचमन शिटी वाजवायचा. शलाका बाल्कनीतल्या विजेच्या शेगडीवर कांदा परतायला घ्यायची, म्हणजे घरभर घराचा वास पसरायचा. मी पेपर उघडून बसायचो. टीव्ही पुठ्ठ्याचा होता, टोपलीतली फळं मेणाची होती, गॅसची शेगडी खरी होती पण तिला नळी नव्हती. चहा थर्मासमधून यायचा. आणि मी खरं तेच सांगतो, आठवड्यातले ते दोन दिवस मी कसा जगत होतो, ते मला बाकीचे पाच दिवस आठवत राहायचं. पेपरच्या आडून मी त्या बाईकडे बघत बसायचो. एकदा तो पेपर उलटा होता, हे गिऱ्हाइकानेच सांगितलं.

तिला मात्र मी काही बोललो नव्हतो. काय बोलणार? आधीच बायको असलेल्या बाईला मागणी कशी घालतात, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही.

आणि वेळ संपत आली होती. शलाकाच्या मावशीने तिला मस्कतला अत्तराच्या दुकानात नोकरी बघून ठेवली होती. बुधवारचं तिकीट होतं. शेठनी तिला सांगितलं होतं, "ह्या रविवारी एक जरी बुकिंग आलं, तर तुला ऑफिसात कायम करतो. न्हाई आलं, तर सॅम्पल फ्लॅटला कुलूप लावतो. पुढं पितृपक्ष हाय, घर बघाया कोण यायचं न्हाई." तीही म्हणाली होती, कायम होत असेन तर कशाला जाऊ परदेशात. म्हणजे एक बुकिंग आणि शलाका इथे. नाहीतर शलाका मस्कतला. इतका सरळ हिशेब माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

गौरी जाऊन दोनच दिवस झाले होते. तो रविवार दुपारपर्यंत कोरडा गेला. तीनच्या सुमाराला शिटी वाजली, आणि इस्लामपूरचे आप्पा आणि माई कणसे आत आले. मागोमाग शेठ.

"साखर कारखान्यातनं रिटायर झालेत," शेठ माझ्या कानाशी लागले. "रोकड पार्टी. सोडू नगंस."

आप्पांना पलंगावर सोडून माई स्वयंपाकघरात गेल्या. शलाकाने त्यांना चहा दिला. मग आतून जे गप्पांचे आवाज यायला लागले, त्यात विक्रीचं काही नव्हतं. गुडघे कधीपासून दुखतात, मुलगा बेंगळुरूला काय करतो, सूनबाई फोनवर 'हाय मम्मी' म्हणून थांबते कशी. शलाकाने त्यांना खुर्ची दिली, पायाखाली स्टूल सरकवलं. मी बाहेरून ऐकत होतो आणि मनात देवाला नारळ कबूल करत होतो.

थोड्या वेळाने माई बाहेर आल्या त्या ठरवूनच.

"शेठ," त्या म्हणाल्या, "घर ल्हान हाय. वासाला कांदा हाय पर चुलीवर भांडं न्हाई, ते बी मी बघितलंय. पर मला ही पोरगी आवडली. आमी दोघं म्हातारी. यांना मधीच चक्कर येती. इस्लामपुरात हाक मारली तर चार माणसं धावत येत्यात, हितं कोण येणार? ही दोघं शेजारी ऱ्हाणार असतील, तर आत्ता बयाणा देते."

शेठचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "आवो माई, म्हंजे काय! ह्यांचा फ्लॅट तुमच्या भिताडाला भिताड. चारशे तीन. काय रे इश्राम?"

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी, आखूड पलंग मणक्याला चांगला म्हणून विकणारा, टोपलीतली मेणाची फळं नीट लावायला लागलो. हो म्हटलं की शलाका राहणार होती. पण चक्कर येऊन पडलेल्या आप्पांसाठी माई भिंत ठोकत आहेत आणि पलीकडे कुणीच नाही, हेही मला तितकंच स्वच्छ दिसत होतं. मी घसा खाकरला. मी काय म्हणालो असतो, देव जाणे.

"थांबा हो, आधी हिला कुंकू लावू द्या," माई म्हणाल्या. "गौरीचं दिस. सवाशीण घरात, आन मी तशीच जाऊ?" पिशवीतून त्यांनी कुंकवाचा करंडा काढला आणि शलाकाच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. "हां. आता नाव घे बाई नवऱ्याचं. नाव घेतलंस की मी पैसं काढते."

"राहू द्या ना माई," शलाका म्हणाली. "मला उखाणा येत नाही."

"आगं, कायबी जुळव. 'चांदीच्या वाटीत' म्हण."

"खरंच नको."

"घे की गं!" शेठ दात दाखवत म्हणाले, डोळ्यांनी मात्र धमकावत होते. "लाजतीया. नवं लगीन हाय."

शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मग माईंकडे. माईंनी तोवर कमरेची पिशवी सोडायला घेतली होती. शलाकाने पदर खोचला, हात जोडले आणि काउंटरवर उद्घोषणा करायच्या त्या खणखणीत, गोड आवाजात म्हणाली:

"टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं मेणाची, गॅसला नाही नळी,
विश्रामरावांचं नाव घेते, फक्त ड्यूटीच्या वेळी."

बाल्कनीत कांदा करपत होता. शेठचं तोंड उघडं राहिलं आणि शर्टाआतली साखळी बाहेर आली.

"माई," शलाका म्हणाली, आणि आता तो आवाज काउंटरचा नव्हता, "आम्ही नवरा-बायको नाही. चारशे तीनमध्ये कुणी राहत नाही. तुम्ही हाक मारलीत तर मी येणार नाही, कारण मी इथे नसेन. घर घ्यायचं तर घ्या, पण माझ्यासाठी घेऊ नका."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगू का? आधी वाटलं, गेली. बुकिंगही गेलं, बुधवारी हीसुद्धा जाणार. आणि त्याच दमात वाटलं, की या बाईशिवाय मला या जगात कुणाशीच लग्न करायचं नाही.

"चेष्टा करतीया हो माई," शेठ कसंनुसं हसले. "लई विनोदी हाय पोरगी."

माई शांतपणे खुर्चीवर बसल्या. उठून गेल्या नाहीत. पिशवीची नाडी त्यांनी पुन्हा घट्ट केली, आणि मग शेठकडे अशा बघायला लागल्या, की मला शेठची दया आली.

"शेठ, आता खरा रेट बोला."

"रेट मघाशीच सांगितला की."

"तो बायकोसकटचा हुता. आता बायको वजा करा." माईंनी बोट वर केलं. "आमच्याकडं बैल इकताना शिंगं रंगवत्यात. पर बैल तरी खरा असतो हो! तुमी खोटी सवाशीण उभी केली, आन मी गौरीच्या दिवसात तिला कुंकू लावलं. हे मी पेपरात द्यू, का गेटवर उभी ऱ्हाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू?"

त्यानंतर जे झालं, तसं विक्रीचं शिक्षण मला कुठल्याही कंपनीने दिलं नाही. माईंनी रेट खाली आणला. झाकलेलं पार्किंग फुकट घेतलं, आप्पांकडे गाडी नसताना; "मुलाची ईल," म्हणाल्या. खिडक्यांना जाळ्या घेतल्या. पूर्ण लांबीचा पलंग घेतला. मग ओट्याकडे बोट दाखवलं.

"आन ते मासं खरवडून काढा. मी माळकरी हाय. चुलीपशी मासा चालायचा न्हाई मला."

"माई, डॉल्फिन म्हंजे मासा न्हाई, ते आपल्यासारखंच—"

"पाण्यात ऱ्हातंय न्हवं? काढा."

शेठ घामाघूम होऊन मान डोलवत राहिले. मग माईंनी शेवटची अट घातली. "शेजारी मला पायजे म्हंजे पायजे. खरा."

"आता शेजारी काय सिमेटात बनवू?" शेठ कळवळले.

"ह्यो हाय की." माईंचं बोट माझ्यावर आलं. "मघाधरनं बघतीया. तिनं खरं सांगितलं, तवा तुमचा जीव गेला शेठ, आन ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरी, तू घेतलंस नाव, ड्यूटीचं का हुईना. आता त्यानं घेऊ दे."

"मी?" मी म्हणालो.

"मग कोन, मी?"

शलाका माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. शेठ कानाशी आले आणि कुजबुजले, "आरं, 'माहेर'ला 'बाहेर' लाव. लाव लवकर, बयाणा देतील." मी डोकं खाजवलं. माहेर, बाहेर, आहेर. काही जुळेना. सोफे विकताना माझ्या तोंडातून जे झरझर यायचं, ते सगळं आटून गेलं होतं.

"शलाका बुधवारी मस्कतला चाललीय," मी शेवटी म्हणालो. "ती जाऊ नये असं मला वाटतं. शेठच्या बुकिंगसाठी नाही. मला वाटतं म्हणून."

"ह्यात यमक कुठाय?" माईंनी विचारलं.

"आगं, झालं की त्याचं," आतून आप्पांचा आवाज आला. त्यांना आम्ही सगळेच विसरलो होतो. "आता मला कुणीतरी उठवा. पायाला मुंग्या आल्यात."

शलाकाने बाल्कनीत जाऊन शेगडी बंद केली, करपलेला कांदा खाली वांग्यांत टाकला, खांद्याला पर्स अडकवली. "माझी ड्यूटी संपली," ती शेठना म्हणाली, आणि सहा वाजायच्या आत जिना उतरायला लागली. लिफ्टच्या जागी तेव्हा नुसता खड्डा होता.

मी आप्पांना उठवलं, हे सांगून ठेवतो. माणुसकी सोडली नाही. मग धावलो.

ती रोमन खांबांपाशी रिक्षाची वाट बघत उभी होती. मला बघून म्हणाली, "बयाणा दिला?"

"मोजतायत. शेठ तुला कायम करतील आता. शब्द दिलाय त्यांनी."

"आज मी त्यांचं तोंड बघितलंय. ते मला कायम नाही करणार, कायमचं घालवणार. तुलाही."

"मग?"

"मग काय? मस्कतचं तिकीट हातात आहे."

"रद्द कर."

"रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही. मी स्वतः लोकांना काउंटरवर हे सांगत आले, वर हसून." समोरून एक रिक्षा वळली. तिने हात केला. "तारीख मात्र बदलून मिळते. पाहिजे तितकी पुढे ढकलता येते."

रिक्षा येऊन उभी राहिली. शलाका आत बसली आणि बाजूला सरकली नाही, म्हणजे मला बसायचं नव्हतं, एवढं मला कळलं.

"पण एक आहे," ती म्हणाली. "तिकिटावर तारीख बदलतात, नाव बदलत नाहीत. एक अक्षरसुद्धा नाही. नियमच आहे तो. कळलं का?"

"कळलं."

"काय कळलं?"

"नाव बदलत नाहीत."

"लग्नानंतरही नाही. शलाका मिराशी ती शलाका मिराशीच. बार्शीला सासूबाईंना हे तू सांगायचंस, मी नाही." मग ड्रायव्हरला म्हणाली, "चला दादा."

रिक्षा उसाच्या वळणावर दिसेनाशी झाली. वरून शेठ बाल्कनीत येऊन हाका मारत होते, माईंना आता भाजीबागेतला वाटा हवा होता. मी खांबाला टेकून मोबाइल काढला आणि बार्शीला लावला.

आईने उचलला तो धास्तावूनच. "काय रे, गेली का नोकरी?" त्या वर्षी अवेळी आलेल्या फोनवर सगळ्या आया हेच विचारायच्या.

"जाईल एवढ्यात," मी म्हणालो. "पण ते राहू दे. तू आधी बस. तुझ्या सुनेचं नाव सांगतो, नीट पाठ कर. ते बदलायचं नाहीये."